चिखलदऱ्याला निघण्याआधी

मी आज जो काही आहे तो कुणामुळे, असं विचारलं तर माझं उत्तर एकच: रोहण्याच्या प्राथमिक शाळेतले माझे गुरुजी. चौथीनंतर वडील मला गुरांमागे पाठवणार होते. गुरुजी तीन संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. फारसं बोललेही नाहीत, नुसते बसले. चौथ्या दिवशी वडिलांनी हात जोडले आणि गुरुजींनी मला आर्वीला नेऊन हायस्कुलात माझं नाव घातलं. आमच्या घरात त्याआधी कुणी सही केलेली नव्हती.

दरी म्हणजे काय, हेही त्यांनीच शिकवलं. आमचा मुलूख सपाट, कापसाच्या वावरापलीकडे कापसाचंच वावर. गुरुजी आम्हाला शाळेच्या ओट्याच्या अगदी कडेला उभं करत आणि म्हणत, "आता समजा, पायाखाली ढग हायेत. मी चिखलदऱ्याले गेलतो तवा असाच उभा होतो." आमचे पाय खरोखर कापत.

नागपूरला बी. ए. होऊन मी आर्वीच्याच शाळेत मास्तर झालो. दुसऱ्या वर्षी धुळवड शनिवारी आली, तिला रविवार जोडून. आम्ही चौघा मास्तरांनी चिखलदरा ठरवला. शुक्रवारी मोटारीनं निघायचं, होळी परतवाड्याला आमच्यातल्या ड्रिल मास्तरांच्या सासुरवाडीत करायची आणि पहाटे घाट चढायचा. म्होरक्या म्हणून माझ्या गुरुजींना न्यावं, ही सूचना माझी. वर्षभर मी शाळेत त्यांचं एवढं कौतुक केलं होतं की कुणी नाही म्हणालं नाही.

रविवारी सायकलनं रोहण्याला गेलो. गुरुजींचा चेहरा आधी फुलला, मग एकदम उतरला. परीक्षेची कामं आहेत, म्हणाले. मी म्हटलं, परीक्षा पुढल्या महिन्यात. घरी दुखणं आहे, म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "काईच दुखणं नाई. जा नं तुमी." मला वाटलं, भिडेखातर नाही म्हणताहेत. मी जोर केला, "गुरुजी, तुमच्याशिवाय आम्हाला वाट कोण दाखवणार?"

त्यांनी एकदा आतल्या दाराकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं. येतो."

मी वही काढली. तुम्ही तेव्हा कुठं उतरला होता, विचारलं. "स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत," एवढं बोलून ते पाणी आणायला आत गेले. मी तसं लिहून घेतलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी ती वही वाचून दाखवली. ड्रिल मास्तरांनी सुपारी कातरता कातरता हात थांबवला.

"काऊन बीए, चिखलदऱ्याले रेल्वे कवा चढली?"

बाकीचे दोघं हसले. मी म्हटलं, "डोंगराखालचं अचलपूरचं स्टेशन म्हणत असतील."

"मंग अख्खा डोंगर राह्यला की! गुरुजी खालूनच दरी पाहून आले का?" ते सुपारी तोंडात टाकत म्हणाले, "येऊ दे त्याईले. मोटारीतच इचारतो. रस्ताभर करमणूक होईल."

घंटा झाली. शाळेच्या ओट्यापासून कालच्या वहीपर्यंत सगळं माझ्या डोक्यात एका ओळीत लागलं. गुरुजी कधीच गेले नव्हते. पोरांसमोर एकदा बोलून गेले असतील, आणि मग दर वर्षी तेच बोलावं लागलं असेल. आणि आता परक्या मास्तरांसमोर त्यांना उघडं पाडायची व्यवस्था मीच केली होती, वही घेऊन, हट्ट करून. बेत मोडावा, तर का मोडला हे त्यांना कळल्याशिवाय राहणार नव्हतं. आपण चिखलदऱ्याला चाललो, हे रोहण्यातल्या पोरांना त्यांनी एव्हाना सांगितलंही असेल.

संध्याकाळी मी ड्रिल मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात बाज विणत होते.

"काय, गुरुजीची वकिली कराले आलास?"

"हो," मी म्हटलं. "ते तिथं गेलेले नाहीत. मला कळलं. पण त्यांच्या तोंडून ते वदवू नका. तुम्ही विचारणार असाल तर मी येत नाही, त्यांनाही आणत नाही."

माझा आवाज चढला होता. वयानं आणि नोकरीनं ते मोठे. त्यांनी सुतळी ताणून धरली. मी ओसरीवरच्या त्या तीन संध्याकाळींची हकिकत सांगितली. अर्धवटच सांगता आली.

"बस खाली," ते म्हणाले. सुतळीला गाठ मारून पुढं बोलले, "मले का मजा येते का म्हाताऱ्याले रडवाची? तू सारखं गुरुजी, गुरुजी करतं, म्हून बोललो." मग म्हणाले, "त्याईले चिठ्ठी धाड. लिही, सडक नवी झाली, तवाचं आता काईच ओळखू येत नाई. माह्या नावानं लिही."

"दरीही बदलली म्हणून लिहू?" मी खरोखरच विचारलं.

ते इतके हसले की बाज हलली. "दरीचं नको लिहू, येड्या. दरी त्याईलेच पाहू दे."

त्यांच्याच अंगणात बसून मी पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. चौथा पाठवला तो असा:

"तीर्थस्वरूप गुरुजींस शिष्याचा साष्टांग नमस्कार.

आमच्या ड्रिल मास्तरांची सासुरवाडी परतवाड्याची. ते सांगतात की चिखलदऱ्याची सडक आता नवी झाली, उतरायच्या जागाही बदलल्या, पूर्वी जाऊन आलेल्या माणसाला तिथलं काही ओळखू येत नाही. म्हणून वाट दाखवण्याचं आणि मुक्कामाचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. आपल्यावर कसलाही भार टाकला, तर ते रागावतील असं त्यांनी मला बजावलं आहे. रस्त्यात कुणी आपल्याला काही विचारणार नाही.

मी स्वतः दरी अजून पाहिलेली नाही. पहिल्यांदा पाहताना आपण शेजारी असावं, एवढीच माझी इच्छा. पहाटे वर गारठा असतो, घोंगडी बरोबर घ्यावी.

उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. शुक्रवारी सकाळी मी आपल्याला न्यायला रोहण्याला येतो.

आपला विद्यार्थी"