मेट्रोतल्या भाकरीबाबत

अर्जदार मी स्वतः. गैरअर्जदार माझा बालमित्र भास्कर, राहणार केदारखेडा. साक्षीदार दिल्लीच्या मेट्रोतील तमाम प्रवासी.

आज नवीन जालन्यात शेजाऱ्याने लसणाच्या ठेच्याचा डबा उघडला आणि त्या मेट्रोचा गारवा पुन्हा अंगावर आला. भास्करच्याच आईने दिलेली ठेचा-भाकरी मी गाडीत खाली मांडी घालून सोडली होती. शिपायाने दरडावले, लोक हसले.

"आपके साथ है?" त्याने बाजूला उभ्या भास्करला विचारले.

"नहीं, मैं नहीं पहचानता."

खिडकीबाहेर बोगद्याचा अंधार होता, तरी भास्कर तिकडेच पाहत राहिला. उतरल्यावर म्हणाला, "मंग, भाकर उरली का न्हाई गड्या?"

तेव्हा मी हसून अर्धी दिली. आज मात्र ते हसू मला बोचते. सबब, मेट्रोच्या त्या डब्यात मी त्याचा कोण होतो, याचा खुलासा गैरअर्जदाराने समक्ष येऊन करावा, ही विनंती.