शिसवाची एक फळी: डोंबिवली, शहाड, कळवा

"आई, मान दुखते. नेमबाजी सोडते मी," जुईने जाहीर केलं. क्लबच्या एअर रायफलचा दस्ता तिच्या मापाचा नव्हता. गाल टेकवायला मान ताणावी लागायची. तिच्यासाठी खास लाकडी दस्ता करून घेणं हा माझा शेवटचा डाव होता. शनिवारी सकाळी आम्ही मायलेकी स्कूटरवर निघालो, तेवढ्यात नवरा माळ्यावरून जुन्या शोकेसची फळी घेऊन आला.

"विकत कशाला? हे सागवान आहे!"

आपलं लाकडाचं ज्ञान इथेच सुरू होतं आणि इथेच संपतं. फळीला खिळ्यांची भोकं होती.

कल्याणला मिसळ खाल्ली (तर्री वेगळीच मागा) आणि शहाडच्या वखारीत शिरलो. तिथे एका शिसवी फळीपुढे मी विरघळलेच. एका टोकाला रेषा अशा गोल गोल फिरलेल्या! साडीचा पदर बघून भुलावं तशी भुलले आणि उरलेली फळी न बघताच पैसे दिले. जुईही कितीतरी दिवसांनी हसली.

शिळफाट्याला ट्रकांची रांग असते, स्कूटरवाल्यांनी लवकर निघावं. फळी आमच्या दोघींच्या मध्ये ऐटीत बसली होती.

कळव्याचे भोईरकाका जुने नेमबाज. आता हौसेने दस्ते बनवतात आणि स्वतःचं कौतुकही स्वतःच करतात. त्यांनी ओल्या फडक्याने फळी पुसली, तशा रेषा उठून दिसल्या. वर दस्त्याचा पुठ्ठ्याचा साचा ठेवला.

"नक्षी मुठीपाशी घ्या, दिसली पाहिजे," मी म्हणाले.

"नाय गो बाय! मूठ बारीक असते. तिथं रेघा सरळ लांबीत पायजेत. असं फिरलेलं लाकूर तिथंच तडकंल."

माझा चेहरा पडला. जुईने मात्र साचा उचलला आणि उलटा फिरवून ठेवला. मूठ सरळ रेषांवर आली, नक्षी मागे गेली.

"काका, असं? नक्षी माझ्या गालाखाली."

काकांनी साच्याखालच्या रेषांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी तेच सांगनार होतो."

दस्ता तयार व्हायला बरेच दिवस गेले. सागवानी फळी पुन्हा माळ्यावर गेली, नवरा अजून तिची आठवण काढतो. पहिल्या दिवशी रेंजवर जुईने रायफल उचलली आणि गाल आपोआप लाकडावर टेकला, मान सरळ. मला भरून आलं. गोळ्या कुठे लागल्या ते मी पाहिलंच नाही.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "आई, पुढच्या महिन्याची क्लबची फी भरलीस ना?"