उलट्या बसवलेल्या चिपा

अमरावतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी स्वतःला फार शहाणा समजतो. गेल्या वर्षी दर्यापूरहून माझे शाळेतले सर आले. सोबत पोत्यात गुंडाळलेला, टीव्हीला जोडायचा तो जुना कॉम्प्युटर. आम्ही पोरांनी पहिल्यांदा बटणं दाबली ती त्याच्यावरच. शाळेनं भंगारात काढला तेव्हा सरांनी तो घरी नेला होता. मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम ज्यांच्यात असतो त्या रॉमच्या दोन चिपा मेल्या होत्या. वर्षभर कुणाकुणाला लिहून सरांनी तसल्या चिपांची एकच जोडी मिळवली होती. जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मशीन चालू करून दाखवायचं, एवढीच त्यांची हौस.

मी सरांना माझ्या खुर्चीवर बसवलं. त्यांना नीट दिसावं म्हणून मशीनचं तोंड त्यांच्याकडे केलं आणि पलीकडून, उभ्यानं, उलट्या बाजूनं काम करू लागलो. सर समोर असताना आपली सोय बघणं आमच्याच्यानं होत नाही. चिपेच्या एका टोकाला खाच असते. ती कोणत्या बाजूला यायला हवी ते पाहून चिप बसवायची. मी पाहिलंच नाही. सेमाडोहकडच्या रिसॉर्टचे कॅमेरे मीच लावले, हे सांगण्यात दंग होतो.

सर चहा सांगायला बाहेर गेले. मी बटण दाबलं. जोडलेल्या टीव्हीचा पडदा काळाच. चिपेवर बोट ठेवलं तर चटका बसला. दोन्ही उलट्या बसल्या होत्या. घाईघाईनं सुलट केल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सर परत आले. "सर, चिपा पयलेच खराब होत्या," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की माझी मलाच लाज वाटली. तरी शब्द मागे घेतला नाही.

सरांनी मशीन पुन्हा पोत्यात गुंडाळायला घेतलं. मग म्हणाले, "माह्याच हातानं झालं असन बाबू. डबीतून काढू काढू पाहत होतो मी त्या. तुले उगाच तरास देल्ला."

मेळाव्याला त्यांनी मशीन आणलं नाही. मी मागच्या रांगेत बसलो होतो. माईकवरून सरांनी माझ्याकडे बोट करून सगळ्यांना सांगितलं, "कॉम्प्युटर बिघडला तर याच्याकडं जा. पोरगा खोटं बोलत नाही."

टाळ्या वाजल्या. मी उठून हात जोडले.