नाण्याएवढा उठाव

प्लास्टरच्या कामात मी कोणाच्या बापाला भ्यायलो नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढलीत मी! तरी इथे आखातात, गाला भागातल्या वर्कशॉपात लागलो, तेव्हा फोरमनने मला जिप्सम कालवायला लावलं. वर्षभर कालवलं. मग अल खौदच्या एका अर्बाबच्या मजलिसचं, म्हणजे त्या मालकाच्या पाहुण्यांच्या बैठकीचं, छत करायचं काम आलं आणि नेमका आमचा मिस्त्री आजारी पडला. फोरमन म्हणाला, "कर लेगा? नहीं जमा तो वापस बालटी."

"करूंगा," म्हटलं.

अर्बाबने कुठल्याशा जुन्या पुस्तकातली पानं व्हॉट्सॲपवर पाठवली होती. अठराव्या शतकातला कोणी इंग्रज. जुन्या रोमच्या धर्तीवर बड्या लोकांच्या छतांसाठी पंखे, कलश, पानांच्या माळा काढायचा. ह्यात काय एवढं! शाडूत माळ घडवली, साचा घेतला, पहिला तुकडा छताला लावला. खाली येऊन बघतो तर च्यायला, सगळी पानं लंबोदर! मूर्तीचा हात आमचा. गाल, पोट, सोंड, सगळं भरीव करायची सवय. पानांनाही पोट सुटलं होतं.

फोरमन खो खो हसला. "विसर्जन कब है?"

राग आला, पण स्वतःचाच. मोबाईलवर ते चित्र मोठं करून बघत बसलो. त्या इंग्रजाने पानाखालची सावली केसाएवढी काढली होती. म्हणजे उठाव नाण्याएवढाच हवा. बाकीचं काम खिडकीतून येणारा उजेड करणार. शाबास रे गड्या, म्हटलं मनात. स्वतःच्या हाताने साचा फोडला आणि नव्याने बसलो.

"इतना पतला? अर्बाब को दिखेगा क्या?" फोरमन कुरकुरला. इथल्या गिऱ्हाइकांना जाडजूड, सोनेरी लागतं, हे त्याचं पक्कं मत.

"दिखेगा."

अर्बाब आला तेव्हा ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग हिंदीत विचारलं, "किसने बनाया?"

"हमारी कंपनी ने..." फोरमन सुरू झाला.

"मैंने," मी मध्येच म्हणालो. अर्बाब हसला. बाकीच्या खोल्याही यालाच दे, असं त्याने फोरमनला सांगितलं.

बाहेर येऊन बायकोला फोन केला. काय सांगू म्हणून विचारच करत राहिलो. इथे आपण मिस्त्री आहोत, हे तिला मी वर्षभर आधीच सांगून बसलो होतो.