थालीपिठाचं फडकं आणि कवडीपाटची सकाळ

अजून उजाडायचं होतं. पाठीवर सॅक, पायांशी आडवा ट्रायपॉड आणि मागे बायकोच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, अशा थाटात आमची स्कूटर बिबवेवाडीतल्या सोसायटीच्या फाटकाशी आली. वॉचमननं विचारलं, "काका, गावाला?"

"कवडीपाटला," मी रुबाबात म्हणालो. त्याला काही बोध झाला नाही. पंधरवड्यापूर्वी मलाही झाला नसता. लोणी काळभोरच्या अलीकडे सोलापूर रस्ता सोडून आत वळलं की मुळा-मुठेवर जुना दगडी बंधारा लागतो आणि हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात, हे ज्ञान मला मेधानं दिलेलं.

मेधा म्हणजे माझी बायको. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिनं फोटोग्राफीचा क्लास लावला. क्लासचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, बाकीच्यांचे फोटो निवडून झाले होते आणि हिचा एकही नव्हता. "मेधाताई, फोटो स्वच्छ आहेत, पण बघणारा आत शिरत नाही," असं सर म्हणाले होते. फोटो द्यायला आता फक्त उद्याचा दिवस उरला होता. निघायच्या आदल्या रात्री जेवताना ती आमटीला नाव न ठेवता जेवली. आमटी मी केली होती. त्यावरून मी काय ते ओळखलं.

आता आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आम्ही निसर्गाचा फोटो काढत नाही, निसर्गापुढे माणसाचा काढतो. महाबळेश्वरच्या दरीपुढे मी, कन्याकुमारीच्या सूर्यास्तापुढे मी, बरोबर मधोमध, हात कमरेवर. नाहीतर गेल्याचा पुरावा काय? त्यामुळे निघतानाच मला तंबी मिळाली होती. "अहो, आज तुम्ही फोटोत यायचं नाही. डबा सांभाळायचा."

डबा मीच भरला होता. गरम थालीपिठं, वर लोणी. ती निवू नयेत म्हणून मेधाच्या टेबलावरचं एक मऊ, पिवळं फडकं त्यांना छान गुंडाळलं होतं.

हडपसरला चहासाठी थांबलो. "ताजा आहे ना?" मी विचारलं. चहावाल्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "कालचा प्यायचा असेल तर काल यायला हवं होतं." गावाबाहेर पडत असलो तरी अजून पुण्यातच आहोत, याची खात्री पटली.

नदी आल्याचं आधी नाकाला कळलं. बंधाऱ्याखाली पांढरा फेस तरंगत होता. त्यातला थोडा आमच्याच न्हाणीघरातून आला असणार, म्हणून मी त्याच्याकडे ओळख न दाखवता पाहिलं. पण वर धुकं होतं, आणि धुक्यात शेकाटे (लांब लाल पायांचे पाणपक्षी) असे उभे होते, जणू पाण्यावर कुणी काड्या रोवल्यात. पलीकडे चक्रवाकांची केशरी जोडी. मी कमरेवर हात ठेवायचाही विसरलो. हे क्वचित घडतं.

मेधा मात्र कामाला लागली. ट्रायपॉडचे पाय पसरून तिनं तो पार गुडघ्याइतका खाली आणला आणि हलू नये म्हणून मधल्या हुकाला सॅक अडकवली.

"इतकं खाली? उभं राहून दिसत नाही का?"

"उभं राहून सगळ्यांना दिसतं तेच दिसतं. खाली बसलं की हा दगड पुढे येतो. पुढे दगड, मध्ये पाणी, मागे झाडं. नजरेला पायऱ्या लागतात." मग पाण्याची कड सरळ आहे ना ते तिनं तपासलं. "आणि ही कड मधोमध नको. आकाश छान असेल तर खाली घ्यायची, पाणी छान असेल तर वर." बटण दाबताना हात लागून कॅमेरा हलतो, म्हणून तिनं टायमरही लावला. बँकेत खातेदारांना फॉर्म समजावताना ती अशीच बोलत असणार.

तेवढ्यात पूर्वेला लाली आली आणि मेधा ओरडली, "अहो, काचेवर दव आलंय! बॅगेतलं पिवळं फडकं द्या, लवकर!"

मी तत्परतेनं थालीपिठं सोडवून फडकं दिलं. तिनं ते न बघता काचेवरून फिरवलं. दव गेलं, लोणी आलं.

तिनं फडक्याचा वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. सूर्य तर कुणासाठी थांबणार नव्हता. माझा रुमाल जाडाभरडा, तिची ओढणी जरीची. स्वच्छ, मऊ आणि धुऊन धुऊन विरलेलं असं एकच कापड तिथे होतं. मी स्वेटर काढला, शर्ट काढला आणि बनियन काढून तिच्या हातात दिला.

म्हशी घेऊन बंधाऱ्यावरून चाललेले एक आजोबा थांबले. "काय पाव्हणं, पोहायचा इचार हाय का? पाणी बरं न्हाय हितलं!"

मेधा काचेवर वाफ सोडून मधून कडेकडे गोल पुसत होती, आणि हसू दाबत होती. "आता जरा लांब जा तुम्ही," ती म्हणाली. मी शर्ट-स्वेटर चढवून निमूट बंधाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. फोटोत यायला नको म्हणून.

फोन वाजला. "तिथेच थांबा. हलू नका."

मी सवयीनं वळलो, हात कमरेवर.

"वळू नका हो! पाठ माझ्याकडे. हात खाली. नदीकडे बघा."

मी नदीकडे पाहिलं. धुक्यातून सूर्य वर आला, पाणी तांब्याच्या घंगाळासारखं चमकलं आणि शेकाटे एकदम उडाले. पुढचं मला माहीत नाही. माझी पाठ होती.

परतताना लोण्याच्या हातांनी थालीपिठं खाल्ली. मेधानं दोन घेतली आणि तिखट कमी असल्याचं सांगितलं. मला हायसं वाटलं.

फोटो निवडला गेला. प्रदर्शनात दाराशीच लावला होता: पुढे ओला दगड, मग लांबच लांब पाणी, वर उडालेले पक्षी आणि पार टोकाला तिळाएवढा एक माणूस. बनियन नसल्याचं एवढ्या लांबून कळत नाही. एक गृहस्थ बराच वेळ बघून म्हणाले, "फोटो उत्तम आहे. पण तो माणूस मध्येच कशाला कडमडलाय?"

मी तोंड उघडणार, तोच मेधा म्हणाली, "तो आहे म्हणून नदी केवढी ते कळतं."

गृहस्थ पुन्हा बघू लागले. मी त्यांच्या मागे उभा होतो, हात कमरेवर. या वेळी मात्र मी माझ्याकडे बघत नव्हतो. फोटोखालच्या पट्टीवर बायकोचं नाव होतं, ते पुन्हा पुन्हा वाचत होतो.