मोटारीच्या नावाची शेळी

सांगोल्याला जाते म्हटल्यावर घरच्यांनी विचारलं, "तिथं बघायला काय आहे?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मी पुण्यात एका संस्थेत काम करते. परदेशातून आलेल्या देणग्या आम्ही गावांपर्यंत पोहोचवतो. सांगोला तालुक्यातल्या एका गावाने पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीसाठी मदत मागितली होती आणि ती मीच नाकारली होती. देणगीदार नव्या टाकीला पैसे देतात, पाटी लावतात, फोटो काढतात. जळक्या मोटारीला कोण देणार? नियमाने मी बरोबर होते, पण मन खात होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने कुर्डुवाडी, पुढे पंढरपूरला बदलून एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. सांगोल्यात भाकरी, शेंगाचटणी आणि वर ताक, सगळं शंभराच्या आत. तिथून वडापची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, मधे नुसता फुफाटा.

गावात पाणी सोडायचं काम सुमनबाईंकडे. आमच्या संस्थेने दिलेली, आमच्या पाटीची टाकी दिमाखात उभी होती आणि ठणठणीत कोरडी होती. खाली एक काळी शेळी चरत होती.

"ही मोटारीची," सुमनबाई म्हणाल्या.

मला कळेना.

"आवं, गावानं मोटारीच्या नावानं पाळलीया. म्हैनाभर एका घरी, म्हैनाभर दुसऱ्या. करडं झाली की इकायची, त्यात दुरुस्ती. पर औंदा करडं लई बारकी हायती, इकण्याजोगी न्हाईत. उद्या हिलाच बाजारात न्यायची."

"मग करडांचं?"

"दुसऱ्या शेळीला लावू. जगली तर जगली."

आणि पुढच्या दुरुस्तीचं? ते मी विचारलं नाही. पाकिटाला हात घातला, तर त्यांनी तो धरला. "तुमी पावण्या हायसा, ताई."

तेव्हा मी सांगून टाकलं की, तुमच्या अर्जाला नाही म्हणणारी मीच. त्या म्हणाल्या, "व्हय? मग च्या घ्या की. हिच्याच दुधाचा हाय."

मी चहा घेतला आणि रात्री त्यांच्याकडेच राहिले.

रविवारी सांगोल्याच्या बाजारात व्यापाऱ्याने शेळीची पाठ चाचपली, दात बघितले, दर ठरला. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, म्हणून सुमनबाईंनी ते सोडून स्वतःच्या कमरेला खोचलं. शेळी ओरडत गेली. सुमनबाईंनी मान वळवली नाही. त्यांनी पैसे घेतले आणि तडक मोटारवाल्याचं दुकान गाठलं. मला गाडी गाठायची होती, मी तिथूनच निघाले.

सोमवारी फाइल पुन्हा साहेबांसमोर ठेवली. म्हटलं, दुरुस्तीसाठी हे गाव शेळी पाळतं, आपण निदान पुढची शेळी तरी देऊ. ते हसले नाहीत, एवढं खरं. "हे कुठल्या रकान्यात लिहायचं?" म्हणाले. फाइल अजून तिथेच आहे. मी रोज विचारते.

बुधवारी सुमनबाईंचा फोन आला. मागे घागरींचा खणखणाट.

"ताई, पाणी आलं बगा. लई वाईट वाटलं. आमच्या दारात आलासा आन् ह्या टाकीचं घोटभर पाणी बी न पिता गेलासा."