दुबलगुंडीच्या कोषांचा पाहुणचार

"तिकडे बघण्यासारखं काय आहे?" निघताना आईने विचारलं. बिदरचा किल्ला आहे, कलबुर्गीचाही आहे. मी मात्र पुण्याहून बस पकडून हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीला तुरीच्या बुडाची माती उकरायला चाललो होतो. माणूस फार शिकला की असा पुढे जातो.

घाटेअळी तुरीच्या शेंगा खाते आणि मग मातीत शिरून कोष करते. काही अळ्यांमध्ये एका बारीक गांधीलमाशीने आधीच अंडं घातलेलं असतं. मग कोषातून पतंगाऐवजी माशी निघते. ती या शिवारात आहे का, हा माझा प्रश्न. पद्धत सोपी. खुरप्याने उकरायचं, माती चाळायची, एकेक कोष ओल्या वाळूच्या बाटलीत ठेवायचा, तोंडाला मलमल बांधायची आणि वाट बघत बसायचं. एवढ्यासाठी विद्यापीठ लागतं.

ज्यांच्या घरी उतरलो ते अप्पा (इकडे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात) बांधावर उभे होते.

"आमची तूर खाणाऱ्याला बाटलीत घालून पाळायलाव कामून?"

"यातून माशी निघाली तर ती तुमच्या बाजूची, अप्पा."

"व्हय? फवारून फवारून थकलो बघा. आमच्या बाजूनं कुणी हाय का न्हाई, तेवढं सांगा."

मी शब्द दिला. संध्याकाळी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कडक भाकरी (ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली) आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. भाकरी मोडल्याचा आवाज शेजारी गेला असावा. पुढच्या वर्षीही इथेच संशोधन करावं, असं मला वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी मादन हिप्परग्याच्या शेतकऱ्यांना भेटून आलो तर माझ्या बाटल्या गच्चीवर, भर उन्हात, तुरीच्या डाळीशेजारी! मलमल काढलेली, आणि प्रत्येकीत कडुलिंबाचा पाला.

"कीड लागू न्हाई म्हणून घातलाय," अक्का कौतुकाने म्हणाल्या. "साठवणीच्या जिनसेला ऊन द्यावंच लागतंय."

किड्यांना कीड लागू नये म्हणून एवढी काळजी जगात कुणी घेतली नसेल. कोष भाजलेल्या शेंगदाण्यासारखे वाजत होते. मला रडू येत होतं, तरी मी "बरं केलंत" म्हणालो. हिप्परग्यात दाखवायला सोबत नेलेली एक बाटली तेवढी वाचली. परतीच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो.

पुण्यात एका सकाळी त्या बाटलीत माशी फिरताना दिसली. मी अक्षरशः नाचलो. मग ओळख पटवण्यासाठी, पद्धतीप्रमाणे, तिला स्पिरिटच्या नळीत टाकलं आणि अप्पांना फोन लावला.

"निघाली, अप्पा! तुमच्या शेतात माशी आहे!"

"अगं ऐकायलीस का, माशी निघाली!" ते आत ओरडले. त्यांचा आवाज इतका आनंदी मी ऐकला नव्हता. "मग कधी आणून सोडायलाव तिला? उद्याची बस धरा, मी हुमनाबादला न्यायला येतो."

मी नळीकडे पाहिलं. माशी पाय आवळून तळाशी गेली होती.

"हॅलो? सर?" अप्पा विचारत होते, "किती वाजता येऊ?"